बोटीनंतरची वाट

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कहून सुएझमार्गे मुंबईला यायला सुमारे महिनाभर लागे. मुंबईहून डहाणूपर्यंत बी.बी. अँड सी.आय. रेल्वे होती, १८६४ मध्ये मुंबई आणि गुजरात रुळांनी जोडले गेले तेव्हापासून हा टप्पा काही तासांवर आला होता. तिसरा टप्पा मात्र वेळापत्रकात बसणारा नव्हता. स्टेशनापासून पूर्वेला, भातखाचरं संपून डोंगर सुरू होतो तिथल्या एखाद्या वारली पाड्यावर पोहोचणं, तिथल्या अंगणात बसणं आणि समोरचा माणूस काय म्हणतोय ते कळणं. परदेशातून धर्मकार्यासाठी डहाणू-तलासरीत आलेल्या माणसांची खरी कसोटी याच तिसऱ्या टप्प्यावर लागली.

आज अनेक देशांतल्या चर्चमधून मंडळी दोन आठवड्यांसाठी परदेशी सेवेच्या सहलीला जातात, शाळेला रंग देतात, विहीर खोदतात आणि परततात. अ‍ॅडम आणि अ‍ॅलिस एबी हे अमेरिकन जोडपं १९०० मध्ये भारतात आलं, ते अशा हिशेबाने नव्हे. त्यांच्या पंथात परदेशी जायचं म्हणजे उमेदीची सगळी वर्षं तिकडे द्यायची, मुलं तिथेच वाढवायची आणि काही वर्षांनी एकदा सुट्टीवर घरी यायचं, अशी रीत होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत या जोडप्याने डहाणूला मिशनचं ठाणं उघडलं.

ज्या पंथाने त्यांना पाठवलं, तो समजून घेण्यासारखा आहे. १७०८ साली जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावी अलेक्झांडर माक आणि त्याच्या सात सोबत्यांनी एडर नदीत एकमेकांना बाप्तिस्मा दिला. तान्ह्या बाळाला काय कळणार, बाप्तिस्मा जाणत्या माणसानेच समजून घ्यायचा, आणि तोही पाण्यात तीनदा बुडून, हा त्यांचा आग्रह. छळ होऊ लागल्यावर ही मंडळी १७१९ पासून पेन्सिल्व्हेनियात जाऊ लागली आणि तिथे शेती करत वाढली. शपथ घ्यायची नाही, लढाईत हत्यार धरायचं नाही, साधे कपडे घालायचे. प्रीतिभोजनाच्या दिवशी एकमेकांचे पाय धुवायचे, मग एकत्र जेवायचं. उपासनेच्या वेळी बायका डोक्यावर टोपी किंवा पदरासारखं आच्छादन घेत. १९०८ मध्ये त्यांनी ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’ हे नाव घेतलं. डहाणूत आले ते हे लोक: मध्य-पश्चिम अमेरिकेतले शेतकरी आणि शेतकऱ्यांची लेकरं. विलायती साहेब म्हणावं तर राज्यकर्त्यांच्या गोतातले नाहीत; आणि तरीही त्याच राज्यकर्त्यांच्या परवानगीने राहणारे.

त्यांच्या आधी इथे कुणी आलंच नव्हतं असं नाही. सोळाव्या शतकापासून १७३९ पर्यंत डहाणू आणि तारापूरचा किनारा पोर्तुगीजांकडे होता आणि किल्ल्यांबरोबर त्यांचे पाद्रीही होते. चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत ते राज्य गेलं. शंभर वर्षांनी स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन उत्तर कोकणच्या जंगलपट्टीत हिंडले. मुंबईतल्या विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे, तेच हे. वारली आणि कातकरी यांच्यावरचा त्यांचा लेख १८४३ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. वारल्यांना त्यांनी देवाबद्दल विचारलं, आणि उत्तरात त्यांना वाघ्या भेटला, शेंदूर माखलेला वाघांचा धनी. विल्सन यांनी ते प्रामाणिकपणे लिहून घेतलं. पण ते वाटसरू होते. प्रश्न विचारून पुढे गेले.

ब्रेदरन मात्र राहायला आले. त्यांची पहिली तुकडी १८९४ मध्ये मुंबईत उतरली: विल्बर स्टोव्हर, त्यांच्या पत्नी मेरी आणि बर्था रायन. दुसऱ्या मिशनने कामाला घेतलेल्या भागात शिरायचं नाही, असा त्या काळच्या प्रोटेस्टंट मिशनांचा आपसातला समझोता होता. मोकळा भाग शोधत ही मंडळी बुलसारला, म्हणजे आजच्या वलसाडला, स्थिरावली. मग १८९९-१९०० चा छप्पन्या दुष्काळ आला. गुजरातेत माणसं आणि गुरं रस्त्याच्या कडेला मरत होती. अमेरिकेतल्या वाचकांनी पाठवलेल्या पैशांतून मिशनने धान्य वाटलं, पोरक्या मुलांना आसरा दिला. एकेका मुलाचा खर्च तिकडची एकेक रविवारची शाळा उचलू लागली. या दुष्काळाने मिशनचं रूपच बदललं. प्रवचन करायला आलेल्यांना कोठार, भटारखाना आणि वसतिगृह सांभाळावं लागलं. डहाणूचं ठाणं याच लाटेवर उभं राहिलं. पुढे याच मराठी पट्ट्यात वाडा आणि पालघर, तर डांगात आहवा.

इलिनॉयमधल्या एल्जिनहून ‘मिशनरी व्हिजिटर’ नावाचं मासिक निघे. भारतातून गेलेली पत्रं त्यात छापली जात. म्हणजे ज्या काळात पुण्या-मुंबईच्या बहुतेक वाचकांना डहाणूच्या जंगलपट्टीची नीटशी कल्पना नव्हती, त्या काळात ओहायो-इंडियानातल्या शेतघरांत दिव्यापाशी बसून कुणीतरी डहाणूचं नाव वाचत होतं. त्या पत्रांत देणगीदाराच्या मनाला पाझर फोडण्यासाठी लिहिलेला मजकूर असणारच, हे वाचताना विसरून चालत नाही. तरीही या भागाच्या रोजच्या जगण्याचा, हिवतापाचा, पावसाळ्यात बंद पडणाऱ्या वाटांचा तो एक दस्तऐवज आहे, आणि मराठी अभ्यासकांनी त्याच्याकडे अजून पुरेसं पाहिलेलं नाही.

डहाणूत उतरलेल्या माणसापुढे पहिला प्रश्न भाषेचा. बुलसारचे मिशनरी गुजराती शिकत. डहाणूच्यांनी मराठीची वाट धरली. पंडित लावायचा, मोल्सवर्थचा शब्दकोश उघडायचा, परीक्षा द्यायची. पण डहाणूच्या बाजारात वाणी आणि पारशी दुकानदार गुजरातीत बोलणार, कचेरीत मराठी चालणार आणि पाड्यावर वारली. वारली बोलीत मराठीची ओळख पटते, गुजरातीचाही कान लागतो, आणि तरी शहरी मराठी शिकून आलेल्याला ती हातातून निसटते. म्हणजे वर्षभर घाम गाळून मराठी शिकलेला माणूस तहसीलदाराशी बोलू शके. नागलीची भाकर थापणाऱ्या बाईशी नाही. तिथे पोहोचायला मध्ये एखादा मराठी ख्रिस्ती शिक्षक किंवा बायबल सांगत फिरणारी बाई लागे. खरं मिशन चाललं ते या दुभाष्यांच्या पायांनी. अमेरिकेत छापल्या जाणाऱ्या वार्षिक अहवालांत ठळक अक्षरांतली नावं मात्र बोटीने आलेल्यांची असायची, आणि ही त्या सगळ्या इतिहासातली दुखरी जागा आहे.

आजारपणात ही भाषेची भिंत थोडी खाली येई. पावसाळा ओसरला की या पट्ट्यात हिवताप घरोघर असायचा. भगत सुपात दाणे टाकून कोणता देव रुसला ते पाहायचा. मिशनच्या दवाखान्यात कोयनेल मिळायचं. लोकांनी दोन्ही वाटा धरल्या आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात डॉ. बार्बरा निकी भारतात आल्या आणि डहाणूचं मिशन हॉस्पिटल हीच त्यांची कर्मभूमी झाली. बाळंतपण अडलं की बैलगाडीतून, नाहीतर खाटल्याची डोली करून, बाईला आणायचं, आणि समोर पुरुष डॉक्टर नसून बाई डॉक्टर आहे, हे त्या काळी जीव वाचवणारं होतं. सुईण हात टेकायची तिथे दवाखान्याचं दार होतं. या दवाखान्याभोवती परिचारिका घडल्या, कंपाउंडर घडले. मिशनने डहाणूला दिलेल्या गोष्टींत सगळ्यात टिकाऊ कोणती, असं विचारलं तर उत्तर इथेच सापडतं.

तलासरीकडे दुसरी ख्रिस्ती परंपरा आली, कॅथलिक. मुंबईचं जेझुइट मिशन आधी जर्मन फादरांकडे होतं. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिशांच्या लेखी शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले, त्यांना नजरकैद झाली, परत पाठवलं गेलं. १९२० नंतर ती जागा स्पेनच्या जेझुइटांनी घेतली; मोहेंजोदडोच्या लिपीवर लिहिणारे फादर हेन्री हेरास १९२२ मध्ये मुंबईत आले ते याच ओघात. तलासरीचं ज्ञानमाता सदन हे जेझुइटांचं आदिवासी भागातलं ठाणं. शाळा आणि वसतिगृह हा त्याचा कणा. पुढे परदेशी फादरांची जागा देशी फादरांनी घेतली. १९९८ मध्ये वसई हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि डहाणू-तलासरीचा भाग त्यात आला. वसईतल्या मराठी फादरांसाठीही तलासरी हे शंभरेक किलोमीटरवरचं परगावच होतं. तिथली बोली वेगळी, जमीनजुमल्याची कहाणी वेगळी.

ती जमिनीची कहाणी टाळून या भागाच्या कुठल्याही सेवेबद्दल बोलता येत नाही. एकोणिसाव्या शतकात वारल्यांच्या जमिनी सावकार आणि जमीनदारांच्या नावावर गेल्या. पावसाळ्यात घरात दाणा नसे, तेव्हा खावटी काढायची. ती सुगीत दीडपट-दुपटीने फेडायची. फिटली नाही तर वेठ. लग्नासाठी पन्नास-शंभर रुपये उचलले की नवरा-बायको दोघंही लग्नगडी म्हणून सावकाराच्या घरी राबायची, आणि ते कर्ज कधी फिटायचं नाही. सरकारने नेमलेल्या डी. सिमिंग्टन यांनी १९३९ च्या अहवालात हे सगळं मांडलं. मिशनचे लोक याच मुलखात राहत होते. दवाखान्यात येणारा ताप त्यांना दिसत होता, आणि तापाच्या मागची भूकही त्यांना दिसली नसेल असं मानणं कठीण आहे.

मग ते गप्प का राहिले? एक कारण कागदावर आहे. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारने अमेरिकन मिशनांकडून कायदेशीर सरकारशी एकनिष्ठ राहण्याची आणि राजकारणापासून दूर राहण्याची हमी घ्यायला सुरुवात केली. हमी मोडली तर परवाना जाणार, दवाखाना बंद होणार. दुसरं कारण त्यांच्या श्रद्धेच्या घडणीत असावं. युद्धाला नकार देणाऱ्या या मंडळींना हिंसा बंदुकीत चटकन दिसे; खातेवहीतली हिंसा ओळखायला वेगळी नजर लागते. त्यांचं मोठेपण मान्य करूनही हे सांगितलं पाहिजे, कारण त्याची किंमत वारल्यांनी मोजली.

२३ मे १९४५ रोजी झरी इथे हजारो वारली जमले आणि वेठ करणार नाही असं त्यांनी ठरवलं. त्यांना हाक देणारे शामराव आणि गोदावरी परुळेकर होते, किसान सभेचे. गोदावरीबाई पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरातल्या. त्यांनाही पाडा परकाच होता. त्या पाड्यांवर पायी हिंडल्या, मिळेल ते खाल्लं, मिळेल तिथे निजल्या. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा इथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच जण मारले गेले. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे गोदावरीबाईंचं पुस्तक १९७० मध्ये आलं, त्यात हे सगळं आहे.

त्याच १९४५ मध्ये डहाणूजवळच्या बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना इथली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली, गुरं चरत असतील तिथेच. मिशनच्या वसतिगृहाची पद्धत नेमकी उलटी होती: मुलाला पाड्यावरून उचलून आवारात आणायचं, तिथे घडवायचं. दोन्ही पद्धतींनी माणसं शिकली. पण वसतिगृहात वाढलेल्या मुलाला घरी परतण्याची वाटही नव्याने शोधावी लागे. अनुताईंच्या शाळेत ती वाट मुलाला शोधावी लागत नव्हती, बाईंना चालावी लागत होती.

स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनऱ्यांना परवाने मिळणं अवघड होत गेलं आणि जुनी माणसं निवृत्त होऊन परतली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात ब्रेदरनही होते. सगळ्यांना ते मान्य झालं नाही. गुजरातेतल्या ब्रेदरन मंडळीच्या मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१३ मध्ये न्यायालयाने ते विलीनीकरण कायद्याने पूर्ण झालं नसल्याचा निर्णय दिला. याच पंथाने १९२३ मध्ये नायजेरियातल्या गारकिडा गावीही काम सुरू केलं होतं. तिथलं चर्च आज अमेरिकेतल्या मातृसंस्थेपेक्षा कितीतरी मोठं आहे. डहाणूत तसं झालं नाही. वारल्यांनी मिशनचं कोयनेल घेतलं, पाटी-पेन्सिल घेतली, आणि बहुतेकांनी कणसरी, हिरवा आणि वाघ्या ही आपली दैवतं आपल्यापाशी ठेवली.

ब्रेदरनांनी आपल्या भारतातल्या मंडळ्यांचे दोन जिल्हे केले होते: पहिला गुजराती, दुसरा मराठी. १९६० मध्ये राज्यांची सीमा आखली गेली, त्याच्या आधीच चर्चने आपल्यापुरती ती आखून ठेवली होती. उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, तलासरी महाराष्ट्रात राहिली. आज मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर आच्छाडच्या पुढे पाट्यांची लिपी बदलते. एका बाजूची पोरं मराठी शाळेत जातात, दुसऱ्या बाजूची गुजराती शाळेत. सोयरीक दोन्हीकडे होते. लग्नात धवलेरी गाते ती वारलीत, तारप्यावर फेर धरला जातो, आणि संध्याकाळी पोरं घरी आली की आई त्यांना जेवायला हाक मारते तीही वारलीतच.