गडावरील बंदिपाल : त्यांचे वेतन, योग्यता व जोखीम

आपल्या इतिहासातील बंदिवानांविषयी विपुल लिहिले गेले आहे. कोण कोणत्या गडावर अटकेत होता, त्यास शिधा काय मिळे, तो कसा सुटला अथवा कसा मेला, याच्या चर्चेत मागील पिढीने व आमच्याही पिढीने पुष्कळ शाई वेचली. परंतु त्या बंदिवानाच्या कोठडीबाहेर जो रात्र रात्र उभा राहिला, त्याची विचारपूस क्वचितच झाली आहे. त्यास द्रव्य काय मिळे, लोकांत त्याची योग्यता काय, आणि त्याच्या माथी जोखीम केवढी, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे योजिले आहे.

आरंभी शब्दांविषयी थोडे. बंदिवानास आपल्या भाषेत बंदी, कैदी, अटकेतला असे शब्द पुष्कळ आहेत. त्यास राखणाऱ्यास मात्र स्वतःचा असा शब्द नाही. 'तुरुंग' हा शब्दच मुळी पोर्तुगीज 'त्रोंको'वरून आपणांकडे आलेला. 'पहारेकरी' हे नाव प्रहरावरून पडलेले, म्हणजे तो काय करतो यावरून नव्हे, तर किती वेळ उभा राहतो यावरून. 'हवालदार' म्हणजे ज्याच्या हवाली काही केले आहे तो. मग ती हवाली केलेली वस्तू गड असो, धान्याचे अंबार असो की मनुष्य असो. संस्कृतात 'बंधनागाराध्यक्ष' व 'गुप्तिपालक' ही स्पष्ट नावे आहेत. या लेखापुरता आम्ही 'बंदिपाल' हा शब्द वापरू.

म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनी १९०९ साली छापून प्रसिद्ध केलेले कौटिलीय अर्थशास्त्र या विषयी बोलू लागते तेव्हा फार नेमके बोलते. बंधनागार बांधविणे हे सन्निधात्याचे काम, आणि सन्निधात्याचे वेतन २४,००० पण. सर्व अध्यक्षांस सरसकट १,००० पण सांगितले आहेत. तेव्हा बंधनागाराच्या अध्यक्षासही तितकेच धरावे लागते. हे वेतन वार्षिक की मासिक यावर विद्वानांत मतभेद आहे. आम्ही वार्षिक मानणाऱ्यांच्या बाजूचे आहोत.

आता त्याच ग्रंथातील चौथ्या अधिकरणात या अध्यक्षास सांगितलेले दंड पाहावेत. कारण न कळविता कोणास कोंडल्यास २४ पण, अन्यायाने यातना दिल्यास ४८ पण, जागा बदलल्यास अथवा अन्नपाणी तोडल्यास ९६ पण. छळ केल्यास किंवा लाच खाल्ल्यास मध्यम साहसदंड, म्हणजे २०० ते ५०० पण. बंदिवानास ठार मारल्यास १,००० पण. उलटपक्षी, चारक म्हणजे तात्पुरती कोठडी न फोडता बंदी सोडल्यास मध्यम साहसदंड, फोडून सोडल्यास वध, आणि प्रत्यक्ष बंधनागारातून सोडल्यास सर्वस्वहरण व वध.

हे आकडे शेजारी शेजारी मांडले म्हणजे जे दिसते त्याकडे भाष्यकारांनी द्यावे तितके लक्ष दिले नाही असे आम्हास वाटते. बंदिवान हातून मेला तर अध्यक्षाचे एक वर्षाचे वेतन जाते. बंदिवान हातून सुटला तर त्याचे घरदार व मस्तक जाते. कौटिल्याने अन्नपाणी तोडणाऱ्यासही दंड सांगितला हे त्याच्या दूरदृष्टीचे लक्षण होय, यात संशय नाही. राजाच्या जन्मनक्षत्री व पौर्णिमेस बाल, वृद्ध, रोगी व अनाथ यांना सोडावे, असेही तो सांगतो. परंतु तराजूचे पारडे कोणीकडे झुकते हे बंदिपालास कळल्यावाचून कसे राहील? ज्या नोकरीत दयेची चूक क्रौर्याच्या चुकीपेक्षा शतपट महाग पडते, त्या नोकरीतील मनुष्य कठोर होतो याचे नवल नाही. बंदिपालाच्या स्वभावास दूषणे देणाऱ्यांनी प्रथम त्याच्यावरील दंडांची यादी वाचावी.

काव्यातही हाच अनुभव येतो. मृच्छकटिकात पालक राजाने सिद्धाच्या भविष्यास भिऊन आर्यक नामक गोपालपुत्रास कोंडले. तो गुप्ती फोडून, गुप्तिपालकास मारून, बेडी तोडून पळाला, अशी दवंडी प्रेक्षकांच्या कानी पडते. मारला गेलेल्या त्या गुप्तिपालकास कवीने नावही दिलेले नाही. पुढे सहाव्या अंकात गाडी तपासणाऱ्या दोघा रक्षकांपैकी वीरक आपले काम चोख करू पाहतो आणि लाथ खातो; चंदनक ओळखूनही आर्यकास जाऊ देतो, आणि आर्यक राजा होताच सगळ्या पृथ्वीचा दंडपालक होतो. शूद्रकाने हे विनोदाने लिहिले असेल. आमच्या मते त्यात राजनीतीचे एक कटू सत्य सांगितले गेले आहे. आजचा बंदी उद्याचा राजा होण्याचा संभव असतो तेथे बंदिपालापुढे दोन धनी उभे असतात, आणि कोणता खरा हे त्यास तेव्हाच्या तेव्हा ठरवावे लागते. मराठी राज्यातील गडांवर हा प्रसंग वारंवार आला.

गडांवरील व्यवस्था प्रथम पाहू. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींनी प्रत्येक गडावर हवालदार, सबनीस व सरनोबत असे तिघे सारख्या योग्यतेचे अधिकारी नेमल्याचे सांगितले आहे. हेतू उघड आहे : एक फितला तर दोघे जागे असावेत. त्या काळच्या पायदळातील माणसास दरमहा एक ते तीन होन मिळत, असे ग्रँट डफ लिहितो. परंतु गडकऱ्यांचा खरा आधार रोख होनांचा नव्हता. ब्राह्मण, मराठे, रामोशी, महार, मांग अशा ज्या ज्या लोकांकडे गडाची राखण असे, त्यांना गडाखालच्या गावांत सारामाफ जमिनी वंशपरंपरेने लावून दिलेल्या असत. रामोशी, महार व मांग यांच्याकडे गडाबाहेरील रानाची व वाटांची टेहळणी असे. म्हणजे पळणारा बंदी प्रथम ज्यांच्या दृष्टीस पडावयाचा ते हे लोक, आणि पटात ज्यांचे नाव शेवटी लागावयाचे तेही हेच.

जमिनीचे वेतन दिसावयास कमी, पण त्याचे बंधन रोख पगाराहून घट्ट. नगद घेणारा चाकरी सोडून जाऊ शकतो. शेत खाणारा जाऊ शकत नाही. त्याच्या हातून चूक झाली तर पुढील पिढीचेही अन्न जावयाचे.

आता तीन प्रसंग सांगतो.

पहिला साताऱ्याचा. १७५० च्या नोव्हेंबरात चंपाषष्ठीच्या निमित्ताने ताराबाईंनी रामराजास किल्ल्यावर बोलाविले व तेथेच अटकेत टाकले. कोठडी ओलसर, अन्न जाडेभरडे, असे ग्रँट डफने नमूद केले आहे. किल्ल्याचा हवालदार आनंदराव जाधव. पेशव्यांशी वैर धरून निभाव लागणार नाही हे त्याने ओळखले आणि राजास काढून नेण्याचा बेत केला. बेत फुटला. ताराबाईंनी शिरच्छेदाची आज्ञा केली, आणि ती बजावली कोणी? त्याच्याच हाताखालच्या किल्लेकऱ्यांनी. वाचकांनी क्षणभर त्या शिबंदीच्या जागी उभे राहून पाहावे. छत्रपती तळघरात, छत्रपतींची आजी म्हणविणारी सदरेवर, आणि ज्याचा हुकूम रोज ऐकला तो सरदार पुढ्यात बांधलेला. राजद्रोही कोण, आनंदराव की त्यास मारणारे? आमच्या समजुतीने या प्रश्नास त्या दिवशी साताऱ्यावर उत्तर नव्हते. होता तो केवळ हुकूम. पुढे त्याच जागी दुसरा एक जाधव, बाबूराव, नेमला गेला. त्याचा आनंदरावाशी संबंध नव्हता. त्यास पहिल्या रात्री झोप लागली असेल काय, हे बखरकार सांगत नाहीत.

दुसरा प्रसंग रत्नागिरीचा, व तो सर्वश्रुत आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणवून घेणारा तोतया थोरल्या माधवरावांच्या वेळी चौकशी होऊन कैदेत पडला आणि शेवटी रत्नागिरीस ठेवला गेला. १७७६ च्या आरंभी तेथील मामलेदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्यास बंधमुक्त केले व स्वतः त्याच्या पक्षास मिळाला. बंदिपालाने एक कुलूप उघडले आणि कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले तोतयाच्या हाती गेले; तो बोरघाटापर्यंत चढून आला. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांना फौज घेऊन त्यावर जावे लागले. अखेर आंग्र्यांनी त्यास धरले व डिसेंबरात पुण्यास देहान्त शासन झाले.

नाईकास आमच्या इतिहासकारांनी एका शब्दात विश्वासघातकी ठरविले आहे. आम्ही त्याची वकिली करू इच्छित नाही. लोभ त्यास असावाच. परंतु एक गोष्ट ध्यानी घ्यावी. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी १७८३ साली देह ठेवीपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. उभयतांची उत्तरक्रिया बरोबरच झाली. ज्या गोष्टीची आशा प्रत्यक्ष शनिवारवाड्यात बावीस वर्षे सुटली नाही, ती समुद्रकाठच्या मामलेदाराच्या मनात शिरली तर त्यात केवळ लबाडीच पाहणे न्यायाचे नव्हे. बंदिवानाशी दीर्घ काळ रोज बोलणारा मनुष्य एक तर त्यास अजिबात मनुष्य मानीत नाही, अथवा त्याचे म्हणणे मानू लागतो.

तिसरा प्रसंग शिवनेरीचा. रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव व चिमाजी आप्पा आणि दत्तक पुत्र अमृतराव यांस नाना फडणविसांनी १७९४ साली जुन्नरास, शिवनेरीवर नेऊन ठेविले. ज्यांच्याकडे पहारा सोपविला त्यांत बळवंतराव नागनाथ हा एक होता. बाजीरावाची वाणी मधुर. त्याने बळवंतरावास वश केले व त्याच्या हाती सवाई माधवरावांकडे गुप्त निरोप धाडला. तिकडून उत्तरही आले. दोघे चुलते-पुतणे आपापल्या परी बंदीच आहेत, असा त्या निरोपाचा भाव होता. नानांस हे कळताच त्यांनी माधवरावांस कठोर बोल लावले, आणि बळवंतरावास बेड्या ठोकून एका डोंगरी किल्ल्यावर टाकले. बंदिपाल व बंदिवान यांच्यात अंतर किती, तर एका चिठ्ठीचे. पुढे २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव गेले व १७९६ च्या अखेरीस तोच बाजीराव पेशवाईच्या मसनदीवर बसला. चंदनकाचे दैव ते बळवंतरावाचे नव्हते. त्याचा पुरुष राजा झाला खरा, पण वर्ष दीड वर्ष उशिरा.

या तिघांत आनंदराव हिशेबाने वागला, नाईक विश्वासाने अथवा लोभाने, बळवंतराव भिडेने. तिघांसही कौटिल्याची ती यादी पाठ नसेल, परंतु ती त्यांच्यावर लागू झाली. बंदिवानास उपाशी ठेवल्याबद्दल गडावरील कोणा हवालदाराचे मस्तक गेल्याचे मात्र आमच्या वाचनात नाही.

इंग्रजी अमलात शब्द बदलले. १८६० च्या दंडसंहितेत राजकैदी जाणूनबुजून सोडणाऱ्या नोकरास जन्मठेपेपर्यंत, व गाफीलपणाने निसटू देणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत साधी कैद सांगितली होती. तर १८९४ च्या तुरुंगांच्या कायद्यात नोकराने इतर कर्तव्य मोडल्यास २०० रुपयांपर्यंत दंड अथवा तीन महिन्यांपर्यंत कैद एवढेच होते. मारहाणीस सामान्य फौजदारी कायदा होता हे खरे, पण कोठडीतील मारहाणीस साक्षीदार कोण आणावयाचा? त्याच कायद्याने कैद्यांतूनच पहारेकरी नेमण्यास मुभा दिली. अंदमानात हे कैदी वॉर्डर काय करीत, ते सावरकरांचे 'माझी जन्मठेप' वाचलेल्यांस सांगावयास नको. सरकारास त्यांचे वेतन स्वस्त पडे. त्याची किंमत इतर कैदी देत. १८६० ची संहिता जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आली; परंतु जाणूनबुजून सोडणे व गाफीलपणे सुटू देणे हा भेद तीतही कायम आहे.

गडकऱ्यांचा शेवट करवीर प्रांती झाला, तो थोडक्यात सांगून ठेवतो. त्यांच्या जमिनी गडाच्या कारभारातून काढून मामलेदारांकडे देण्यात आल्या, तेव्हा १८४४ साली सामानगड व भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हन्स फिरतीवर असता बंडवाल्यांनी त्यास धरून पन्हाळ्यावर अटकेत ठेविले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी दुसऱ्यांचे बंदी राखले, त्यांनी आपल्या जमिनीसाठी धरून ठेविलेला हा बंदी. १ डिसेंबरास इंग्रजांनी पन्हाळा घेतला.

लेख आटोपता घेण्यापूर्वी संग्राहक बंधूंस एक विनंती आहे, व तिच्या पोटी आमचा एक जुना अपराध आहे. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी घाटमाथ्यावरील एका गावी आम्ही शिक्षक असताना गडकरी घराण्यातील एका वृद्ध गृहस्थांनी आपले रुमाल आम्हापुढे सोडले. शिक्क्यांची चार पत्रे आम्ही हावरेपणाने उतरून घेतली. खाली मोडीत लिहिलेल्या हजेरीपटांच्या लांब लांब पट्ट्या होत्या. चौकीवार नावे, पुढे दाणा व नगद यांचे आकडे. 'यात नुसती नावे आहेत' असे म्हणून आम्ही त्या परत बांधून दिल्या. दोन वर्षांनी पुन्हा गेलो तो घराची शाकारणी झाली होती आणि जुने कागद बंबात गेले होते. म्हाताऱ्यांनी आम्हास दोष दिला नाही. मास्तरांनीच ते निरुपयोगी म्हटले होते, एवढेच त्यांनी सुनेस सांगितले.

ज्यांच्या संग्रही किल्ल्यांचे हजेरीपट, असामीवार तैनातजाबते किंवा चौकीपहाऱ्याच्या याद्या असतील, त्यांनी त्या पत्रांइतक्याच जपाव्यात व नकला मंडळाकडे पाठवाव्यात. मूळ कागद मालकाकडेच राहतील. मोडी उतरून देण्याचे काम, डोळे चालत आहेत तोवर, आम्ही करू.