जाफन्यावरची रसद
वर्गात १९८७चं जाफना शिकवताना मी तांदळाच्या पोत्यांपासून सुरुवात करतो. ३ जूनला रामेश्वरमहून मदत घेऊन १९ बोटी निघाल्या. श्रीलंकेच्या नौदलानं त्या परतवल्या. दुसऱ्याच दिवशी आपल्या ५ एएन-३२ विमानांनी, मिराजच्या पहाऱ्यात, जाफन्यावर पॅराशूटनं रसद टाकली. जेमतेम पंचवीसेक टन! तेवढ्यावर श्रीलंकेच्या सैन्याच्या वेढ्यातल्या शहराच्या चुली किती दिवस पेटणार? माझ्या मते ती पोती टाकली जाफन्यात, पण पत्ता कोलंबोचा होता. श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने काय ते समजले. २९ जुलैला भारत-श्रीलंका करारावर सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी कोलंबोत मानवंदनेच्या वेळी रांगेतल्या एका श्रीलंकन नौसैनिकानं राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता हाणला. ते चटकन वाकले म्हणून डोक्यावरचं खांद्यावर निभावलं. करारानुसार तिथं गेलेली भारताची शांतिसेना मात्र मार्च १९९० पर्यंत तिथंच अडकली. सुमारे १२०० जवान परतले नाहीत.