न लावलेला दावा : एका चरित्र अभिनेत्रीच्या कारकिर्दीतला पुरावा

पेटची तयारी करणारे बरेच जण मला एक प्रश्न हमखास विचारतात : इतिहासात जी गोष्ट घडलीच नाही, तिच्यावर संशोधन कसं करायचं? पुरावा कुठून आणायचा? प्रश्न रास्त आहे. विज्ञान शाखेतून आलेल्यांना तर तो जास्तच छळतो, कारण आपल्याला रीडिंग हवं असतं. मी स्वतः एम.एस्सी. रसायनशास्त्र करून कामाच्या ठिकाणच्या रासायनिक धोक्यांच्या इतिहासाकडे वळले, त्यामुळे ही सवय मला चांगली माहीत आहे. आज यावर थेट एक उदाहरणच घेऊ. उदाहरण हॉलिवूडचं आहे : मार्गारेट हॅमिल्टन.

नाव ओळखीचं वाटणार नाही, पण चेहरा बहुतेकांनी पाहिलेला असतो. १९३९ च्या 'द विझार्ड ऑफ ऑझ'मधली हिरव्या चेहऱ्याची, काळ्या टोपीची चेटकीण म्हणजे ही बाई. सिनेमात ती जेमतेम बारा मिनिटं दिसते. बाकीची पन्नास वर्षं हॅमिल्टनबाईंनी ज्या भूमिका केल्या त्यांना आपण 'चरित्र भूमिका' म्हणतो : मोलकरीण, आत्या, खडूस शेजारीण, गावातली चोंबडी बाई. १९०२ साली क्लीव्हलंडला जन्म, बॉस्टनला बालशिक्षणाचं प्रशिक्षण, मग बालवाडीच्या शिक्षिका, सोबत नाटक. 'अनदर लँग्वेज' हे नाटक न्यूयॉर्कमध्ये चाललं, १९३३ मध्ये त्याचा सिनेमा झाला आणि त्यातून बाई पडद्यावर आल्या. पुढे 'दीज थ्री', 'नथिंग सेक्रेड', 'द ऑक्स-बो इन्सिडेंट' वगैरे. यादी लांब आहे, ती इथे देत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. २३ डिसेंबर १९३८. एमजीएम स्टुडिओत शूटिंग चालू आहे. चेटकीण धुरात आणि ज्वाळांत गडप होते, असा प्रसंग. युक्ती साधी होती : जमिनीत एक झाकण, त्याखाली लिफ्ट. धूर निघाला की बाईंनी खाली जायचं आणि त्या खाली पोचल्यावरच ज्वाळा सोडायच्या. पहिला टेक नीट झाला. नंतरच्या टेकमध्ये ज्वाळा आधी सुटल्या. टोपी पेटली, झाडू पेटला. चेहऱ्यावर सेकंड डिग्री आणि उजव्या हातावर थर्ड डिग्री भाजल्याच्या जखमा झाल्या.

इथे रसायनशास्त्र मध्ये येतं. तो हिरवा मेकअप तांब्याच्या संयुगाचा होता. भाजलेल्या, उघड्या त्वचेवर तांब्याचं संयुग राहू देणं धोक्याचं, म्हणून मेकअपमनने तो ताबडतोब अल्कोहोलने पुसून काढला. भाजलेल्या जागेवर अल्कोहोल! वेदनेची कल्पना तुम्हीच करा. शूटिंग संपल्यावरही कित्येक आठवडे त्वचेवर हिरवी झाक राहिली होती, असं बाई सांगत. आणि हा त्या सेटवरचा पहिला रासायनिक अपघात नव्हता. टिनच्या माणसाची भूमिका आधी बडी एब्सन करत होता. ॲल्युमिनियमची भुकटी श्वासावाटे फुप्फुसात गेली आणि तो हॉस्पिटलात पोचला. त्याच्या जागी जॅक हेली आला, आणि भुकटीऐवजी लेप वापरायला लागले. म्हणजे धोका स्टुडिओला कळला होता. उत्तर म्हणून माणूस बदलला आणि पदार्थाचं रूप बदललं, इतकंच.

हॅमिल्टनबाई सुमारे सहा आठवडे घरी होत्या. मग कामावर परतल्या. त्यांनी स्टुडिओवर दावा लावला नाही.

हा 'लावला नाही' आपला विषय आहे. कोर्टात फाइल नाही, साक्षी नाहीत, निकाल नाही. दप्तरखान्यात जाऊन शोधायला काहीच नाही. बाईंनी पुढे कारण दिलं ते साधं होतं : त्यांना पुन्हा काम हवं होतं, आणि दावा लावणाऱ्या नटीला कुठलाच स्टुडिओ बोलावणार नाही हे त्यांना माहीत होतं.

पुष्कळ लेखक इथेच थांबतात. स्टुडिओ दुष्ट, बाई बिचारी. तुम्ही थांबू नका. कारण ही माहिती आपल्याकडे मुख्यतः आठवणीतून आलेली आहे. एल्जीन हारमेट्झ या पत्रकार बाईंनी या सिनेमाच्या निर्मितीवर १९७७ मध्ये पुस्तक काढलं. त्यासाठी त्या हॅमिल्टनबाईंशी बोलल्या. म्हणजे घटना आणि कथन यांच्यात जवळपास चाळीस वर्षांचं अंतर. आठवण खोटी असते असं मी म्हणत नाहीये, पण चाळीस वर्षांत माणूस आपल्याच वागण्याला एक नीटस कारण देऊन टाकतो. दुसरं, कॅलिफोर्नियात १९१३ पासून कामगार भरपाईचा कायदा होता. अशा कायद्यातला सौदा असा असतो : मालकाची चूक सिद्ध न करता कामगाराला ठरावीक भरपाई मिळते आणि त्याबदल्यात मालकावर कोर्टात जायची वाट बहुतांशी बंद होते. मग दावा न लावण्याचं कारण भीती की कायदा? की दोन्ही?

तर आता तुमच्याकडे दोन गृहीतकं आहेत. त्यांच्यात निवड करायला तिसरं काहीतरी हवं, आणि ते कारकिर्दीच्या हिशोबात सापडतं. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडतो.

त्या काळचे बहुतेक मोठे नट स्टुडिओशी दीर्घ कराराने बांधलेले असत, सात वर्षांपर्यंतच्या. पगार ठरलेला, काम स्टुडिओ देईल ते. हॅमिल्टनबाई अशा कराराने बांधलेल्या नव्हत्या. त्या आठवड्याच्या हिशोबाने काम घेत, आज या स्टुडिओत, उद्या त्या. 'ऑझ'साठी त्यांचा दर आठवड्याला १,००० डॉलर. करारावर असलेली नायिका ज्युडी गारलंड हिला ५०० डॉलर. बुजगावणं झालेल्या रे बोल्जरला ३,०००. (डोरोथीच्या कुत्र्याला १२५. हा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहतो, म्हणून आधीच सांगून टाकते.)

नुसते दर पाहिले तर चेटकीण नायिकेच्या दुप्पट कमावत होती असं वाटेल. पण आठवड्याचा दर म्हणजे वर्षाची कमाई नव्हे. दर गुणिले आठवडे, आणि हा दुसरा आकडा कुणीच छापत नाही. म्हणून बाईंनी स्टुडिओशी घासाघीस दरावर न करता आठवड्यांच्या हमीवर केली. स्टुडिओ तीन म्हणत होता, बाई सहा, शेवटी पाचवर तोडगा निघाला. (प्रत्यक्षात काम चार महिन्यांवर लांबलं, तो वेगळा विनोद.) त्याच वर्षी, १९३८ मध्ये, त्यांचा घटस्फोट झालेला. पदरात दोन-तीन वर्षांचं मूल. पुढच्या महिन्यात फोन वाजेल की नाही याची खात्री नाही. हे सगळं एकत्र ठेवलं की ती चाळीस वर्षांनंतरची आठवण हवेत राहत नाही. कायद्याची वाट अरुंद असेलही. पण भीतीला हिशोबाचा आधार होता.

आणखी एक खूण आहे, आणि माझ्या मते ती सगळ्यात बोलकी. कामावर परतताना बाईंनी अट घातली : आगीच्या आसपास मी जाणार नाही. नंतर धूर सोडणाऱ्या झाडूवर बसायचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी सरळ नकार दिला. त्यांच्याऐवजी बेटी डँको या स्टंट करणाऱ्या बाईला बसवलं. धुराची नळी फुटली, डँकोचा पाय जबर जखमी झाला आणि तिची रवानगी हॉस्पिटलात झाली. म्हणजे कोर्टात न झालेलं भांडण सेटवर झालं, तोंडी झालं, आणि हॅमिल्टनबाई ते जिंकल्या. धोका मात्र नाहीसा झाला नाही. तो पगाराच्या उतरंडीवर एक पायरी खाली सरकला. तुमच्या विषयात 'तक्रार नोंदवलेली नाही' असं दिसलं, तर नकार दुसरीकडे कुठे नोंदवला गेला आणि त्या जागी कोण उभं राहिलं, हे दोन प्रश्न वहीत लिहून ठेवा. गिरणी, रंगाचा कारखाना, प्रयोगशाळा, सगळीकडे चालतात.

पैशाची गोष्ट इथे संपत नाही. ३ नोव्हेंबर १९५६ ला सीबीएसने 'ऑझ' टीव्हीवर दाखवला. १९५९ पासून तो दरवर्षी लागू लागला आणि अमेरिकेतल्या घराघरांत तो एक वार्षिक सणच झाला. हॅमिल्टनबाईंच्या हाती त्यातून काही आलं नाही. नटांच्या संघटनेने, म्हणजे स्क्रीन ॲक्टर्स गिल्डने, १९६० मध्ये संप केला तेव्हा सिनेमा टीव्हीवर लागला तर नटांना मोबदला, हे तत्त्व मान्य झालं, पण ते तिथून पुढच्या सिनेमांसाठी. १९३९ चा सिनेमा त्यात कुठून येणार? बाई मात्र काम करत राहिल्या. 'द ॲडम्स फॅमिली'त मॉर्टिशियाची आई, दिवसा लागणाऱ्या मालिका, रंगभूमी, आणि सत्तरच्या दशकात मॅक्सवेल हाउस कॉफीच्या जाहिरातीतली कोरा नावाची दुकानदारीण. जाहिराती जितक्यांदा लागतील तितका मोबदला, अशी सोय तोवर झालेली होती. करिअरच्या यादीत जाहिरात तळाला टाकायची आपली सवय असते. उपजीविकेचा इतिहास लिहायचा तर कोरा वर येते.

शेवटी साधनांबद्दल एक. बालवाडीची शिक्षिका या बाईंमध्ये शेवटपर्यंत होती. मुलं आपल्याला घाबरतात याचं त्यांना वाईट वाटे. १९७५ मध्ये त्या मिस्टर रॉजर्सच्या कार्यक्रमात गेल्या आणि चेटकिणीचा पोशाख एकेक कपडा करून अंगावर चढवून दाखवला, मुलांची भीती जावी म्हणून. पुढच्याच वर्षी त्या 'सेसमी स्ट्रीट'च्या ८४७ व्या भागात चेटकीण बनून आल्या. मुलं घाबरली, पालकांनी तक्रारी केल्या आणि तो भाग पुन्हा दाखवलाच गेला नाही. जून २०२२ मध्ये तो इंटरनेटवर आला, तोवर त्याच्याविषयी लिहिणाऱ्यांना तक्रारींच्या नोंदींवरच भागवावं लागे. आता भाग आणि तक्रारी शेजारी शेजारी ठेवता येतात. भागाची गोष्ट एवढीच आहे : चेटकिणीचा झाडू हवेतून खाली पडतो, डेव्हिडला सापडतो, आणि तो म्हणतो, नीट, आदराने मागितलास तरच देईन.