भरतीचा फोटो की ओहोटीचा?

आमच्या कन्नमवार नगरातल्या इमारतीच्या गच्चीवरून पूर्वेला पाहिले की तिवरांचा गडद हिरवा पट्टा दिसतो, त्यापलीकडे ठाण्याची खाडी आणि खाडीपलीकडे नवी मुंबईच्या इमारती. हा पट्टा वाढतो आहे की आटतो आहे, हा विक्रोळीतल्या चहाच्या टपरीपासून उच्च न्यायालयापर्यंत चर्चिला गेलेला प्रश्न. २००१ साली त्याचे उत्तर आपल्याला सापडले आहे असे मला वाटले होते. मी तेव्हा महाविद्यालयात भूगोल शिकवत होतो. १९९३ आणि १९९८ अशी दोन उपग्रह-चित्रे मी मिळवली, एकावर एक ठेवून तिवरांचे क्षेत्र मोजले आणि वसाहतीच्या सभागृहात छातीठोकपणे सांगितले, की तिवरे वाढली आहेत. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून खाडीत जाळे टाकणारे एक कोळी आजोबा उठले आणि म्हणाले, "मास्तर, तुमचा फोटो भरतीचा की ओहोटीचा?"

मला उत्तर देता आले नाही. त्याहून वाईट म्हणजे, दोन्ही चित्रे वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची होती ही गोष्ट मी त्या संध्याकाळी सांगितलीसुद्धा नव्हती. पहिले आयआरएस-१बी उपग्रहाच्या लिस-२ कॅमेऱ्याचे, ज्यात चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा ३६.२५ मीटर बाजूचा चौकोन. दुसरे आयआरएस-१सीच्या लिस-३चे, ठिपका २३.५ मीटरचा. झाडे वाढली होती की डोळा तीक्ष्ण झाला होता? त्या प्रश्नामागे लागून पुढची काही वर्षे मी आपल्या उपग्रहांतल्या कॅमेऱ्यांचा इतिहास वाचत गेलो.

त्या इतिहासाची सुरुवात उपग्रहाने होत नाही. १९७०च्या सुमारास केरळात नारळाच्या झाडांना मुळांचा रोग लागला होता. डॉ. पी. आर. पिशारोटी यांच्या चमूने हेलिकॉप्टरमधून, अवरक्त फिल्म भरलेल्या कॅमेऱ्याने बागांची छायाचित्रे घेतली. (हेच पिशारोटी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक, हे इथे सांगायलाच हवे.) प्रश्न एकेका झाडाचा होता, म्हणून झाड न् झाड दिसेल इतक्या उंचीवरून पाहिले. प्रश्न आधी आणि डोळा नंतर, हा क्रम तिथे आपोआप पाळला गेला.

७ जून १९७९ रोजी सोडलेल्या भास्कर-१ उपग्रहाची गोष्ट उलट होती. त्याचा टीव्ही कॅमेरा जवळजवळ वर्षभर सुरूच झाला नाही आणि झाला तेव्हा त्याचा एक ठिपका १ किलोमीटरचा होता. विक्रोळीसमोरची खाडी अशा चित्रात दोन-चार ठिपक्यांत संपते. तिवरे आहेत की नाहीत, हे विचारण्यातच अर्थ नाही. पण भास्करला तिवरे मोजायला पाठवलेलेच नव्हते. आपल्याला असा कॅमेरा बनवता येतो, चालवता येतो आणि त्याचे चित्र वाचता येते, एवढे त्याला सिद्ध करायचे होते.

खरी निवड १७ मार्च १९८८ला दिसते. त्या दिवशी बैकानूरहून गेलेल्या आयआरएस-१ए उपग्रहात एक नव्हे, दोन प्रकारचे कॅमेरे होते. लिस-१चा ठिपका ७२.५ मीटरचा, लिस-२चा त्याच्या निम्म्या बाजूचा. अधिक बारीक दिसणारा कॅमेरा हाती असताना जाडाभरडा कशाला पाठवायचा, हा प्रश्न माझे विद्यार्थी दरवर्षी विचारत. उत्तर हिशेबात आहे. लिस-१मध्ये प्रकाश टिपणाऱ्या घटकांची एक रांग होती, २,०४८ घटकांची. प्रत्येक घटक ७२.५ मीटर पाहणार, म्हणजे उपग्रह एका फेरीत सुमारे १४८ किलोमीटर रुंदीचा पट्टा टिपणार. ठिपका निम्मा केला की तेवढेच घटक निम्मा पट्टा पाहतात. म्हणून लिस-२चे दोन कॅमेरे शेजारी शेजारी बसवावे लागले. शिवाय ठिपक्याची बाजू निम्मी झाली की तेवढ्याच जमिनीचे ठिपके चौपट होतात, आणि ते सगळे पृथ्वीवर पाठवायचे, साठवायचे, वाचायचे.

हे कॅमेरे घडले अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रात. १९८७ ते १९९४ या काळात पुण्यात जन्मलेले प्रमोद काळे त्या केंद्राचे संचालक होते. २८ डिसेंबर १९९५ला आयआरएस-१सी गेला तेव्हा हा विचार तीन पायऱ्यांत मांडलेला दिसला. विफ्स: ठिपका १८८ मीटरचा, पण पट्टा ८१० किलोमीटरचा, म्हणून त्याच जागेवर पाच दिवसांनी पुन्हा नजर. लिस-३: २३.५ मीटर, पट्टा १४१ किलोमीटर, फेरी २४ दिवसांची. आणि पॅन: ५.८ मीटर, पट्टा अवघा ७० किलोमीटर. दुष्काळात मराठवाड्यातली पिके कुठे कोमेजताहेत हे पाहायला विफ्स लागतो. शेताचा बांध त्यात दिसत नाही, पण आठवड्याच्या आत बातमी मिळते. रस्ते आणि वस्त्या पाहायला पॅन. माझ्यासारख्या तिवरवाल्याला मोह पॅनचाच व्हायचा, आणि तो फसवा होता, कारण पॅन काळा-पांढरा आहे. तिवर ओळखू येते ती रंगावरून. अवरक्त पट्ट्यातले चित्र लाल रंगात छापतात, त्यात ओल्या चिखलावरचे तिवर शेजारच्या बाभळींपेक्षा वेगळे, काळपट लाल दिसते. ५.८ मीटरच्या करड्या चित्रात झाडी आहे एवढे कळते; ती कसली, हे २३.५ मीटरचे रंगीत चित्र अधिक बरे सांगते.

जाता जाता एक स्थानिक गोष्ट. पुढे हे उपग्रह आपल्याच पीएसएलव्ही यानाने जाऊ लागले. त्याच्या दुसऱ्या टप्प्यातले 'विकास' इंजिन बनवण्यात विक्रोळीच्या गोदरेज कारखान्याचा अनेक वर्षे वाटा आहे. महामार्गाच्या एका बाजूला इंजिन बनते आणि त्याच्या जोरावर वर गेलेला डोळा महामार्गाच्या दुसऱ्या बाजूची तिवरे पाहतो. विक्रोळीकरांना हे फारसे ठाऊक नसते.

आता आकड्यांकडे येतो, कारण माझ्या सभागृहातल्या चुकीची मोठी भावंडे मला सरकारी अहवालांत भेटली. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत महाराष्ट्रातील तिवरांचे क्षेत्र असे दिले आहे: १९८७मध्ये १४० चौरस किलोमीटर, १९९१मध्ये ११३, १९९९मध्ये १०८, २००१मध्ये ११८, २००३मध्ये १५८, २००५मध्ये १८६, २०१५मध्ये २२२, २०१७मध्ये ३०४. नुसते आकडे वाचले तर तिवरे आधी घटली आणि मग जवळजवळ तिप्पट झाली. पण याच काळात पाहण्याची रीत किती बदलली पाहा. १९८७च्या अहवालात चित्रे ८० मीटर ठिपक्याची, नकाशा दहा लाखास एक या प्रमाणाचा, आणि ४०० हेक्टरांपेक्षा लहान जंगल मोजणीतच नाही. ४०० हेक्टर म्हणजे दोन किलोमीटर बाजूचा चौकोन! पुढे ती मर्यादा २५ हेक्टरांवर आली. १९९९ आणि २००१ या दोन अहवालांची तुलना तर फारच बोलकी आहे. दोन्हींत कॅमेरा लिस-३च. पण पहिल्यात नकाशा अडीच लाखास एक आणि मर्यादा २५ हेक्टरांची. दुसऱ्यात संगणकावर पन्नास हजारास एक आणि मर्यादा १ हेक्टरची. लिस-३चे सुमारे १८ ठिपके म्हणजे एक हेक्टर. नाल्याकाठच्या चिंचोळ्या पट्ट्या कॅमेऱ्याला आधीही दिसत होत्या. मोजणाऱ्याने त्या नंतर मोजायला घेतल्या.

तिवरे वाढलीच नाहीत असे मला म्हणायचे नाही. खाडीत गाळ साठला आणि त्यावर नवी तिवरे उगवली, हे मी गच्चीवरून पाहिले आहे. २०१२मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाल्यावर संरक्षण आणि लागवड दोन्ही वाढली. पण त्या वाढीतले झाड किती आणि नजर किती, हे त्या आकड्यांच्या ओळीवरून सांगता येणार नाही. तसे सांगणाऱ्या भाषणांना, बाजू कुठलीही असो, मी आता टाळी वाजवत नाही.

२००५ साली हा प्रश्न अभ्यासकांच्या हातून निसटून कायद्याच्या हाती गेला. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला अवघा ७३. त्या दिवशी पॅन काय, लिस काय, सारे आंधळे; ढगांच्या खाली त्यांना दिसत नाही. ढग पाहणाऱ्या कल्पना-१ उपग्रहाच्या उष्णतेच्या चित्रात एक ठिपका ८ किलोमीटरचा, म्हणजे सांताक्रूझ आणि कुलाबा यांच्यात जेमतेम तीन ठिपके. पण वादळ-पावसाचा माग घ्यायला तोच कामाचा, कारण तो एका जागी थांबून पुन्हा पुन्हा पाहत होता.

६ ऑक्टोबर २००५ला मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर तिवरतोडीला मनाई केली आणि तिवरांभोवतीच्या ५० मीटरांत बांधकाम थांबवले. ५० मीटर म्हणजे लिस-३चे दोन ठिपके. तिवरांची कड एका ठिपक्याने चुकली तर संरक्षित पट्टा निम्म्याने पुढे-मागे सरकतो, आणि विक्रोळीसारख्या ठिकाणी निम्म्या पट्ट्यात आख्खी इमारत बसते. किनारा नियमनाच्या २०११च्या अधिसूचनेत १,००० चौरस मीटरांहून मोठ्या तिवरक्षेत्राला असा पट्टा सांगितला आहे. लिस-३च्या लेखी ते दोन ठिपकेसुद्धा नाहीत. वनक्षेत्राच्या द्वैवार्षिक अहवालाला पुरेसा असलेला डोळा हद्दीच्या दाव्याला पुरत नव्हता. म्हणून नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राकडे काम आले, उच्च विभेदनाची चित्रे घेऊन त्यांवर सर्व्हे नंबरांचे नकाशे चढवण्याचे. १० जानेवारी २००७ला गेलेला कार्टोसॅट-२ एक मीटरपेक्षा बारीक पाहत असे. त्या ५० मीटरांचे त्याला पन्नासाहून अधिक ठिपके मिळत, पण त्याचा पट्टा ९.६ किलोमीटरचा, आणि राज्याचा किनारा सुमारे ७२० किलोमीटर लांब. शिवाय तोही काळा-पांढराच. रंग दुसऱ्या, जाड ठिपक्याच्या चित्रातून उसना घ्यावा लागे.

राहिला आजोबांचा प्रश्न. आयआरएस उपग्रह विषुववृत्त ओलांडतात ते स्थानिक वेळेनुसार सकाळी साडेदहाच्या सुमारास, रोज तेव्हाच. भरती मात्र रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. त्यामुळे चित्र घेताना खाडी भरलेली असेल की रिकामी, हे कॅमेऱ्याच्या हातात नाही. भरतीत कडेची कोवळी तिवरे पाण्याखाली जातात आणि चित्रात पाणी म्हणून मोजली जातात. ठिपका २५ सेंटिमीटरचा केला तरी बुडालेले रोप बुडालेलेच.

निवृत्त झाल्यावर मी त्या दोन चित्रांच्या तारखा काढल्या आणि मुंबई बंदराच्या जुन्या भरती-ओहोटीच्या कोष्टकांशी ताडून पाहिल्या. १९९३चे चित्र भरतीच्या अगदी जवळचे होते, १९९८चे ओहोटीचे. आजोबा तोवर राहिले नव्हते. २००१चा तो नकाशा माझ्याकडे अजून आहे. त्याच्या समासात पेन्सिलीने पाण्याच्या दोन्ही वेळा आणि ठिपक्यांची दोन्ही मापे लिहिली आहेत, आणि 'तिवरे वाढली' या शीर्षकापुढे प्रश्नचिन्ह घातले आहे.