'बर्गी' आणि आम्ही

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि रशियन तज्ज्ञांसह नाना प्रांतांची कुटुंबे येथे शेजारी झाली. आम्हीही त्यांत होतो. शेजारच्या बंगाली घरी बाळाला निजविताना 'बर्गीं'ची भीती घातली जाई. बर्गी म्हणजे बारगीर, सरकारी घोड्यावरचा मराठा स्वार. म्हणजे आम्हीच, हे उमगले तेव्हा प्रथम रागच आला. आम्ही तर अंगणात पापड वाळविणारी माणसे!

मग इतिहास चाळला. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर १७४१ मध्ये रतनपूर घेऊन पुढे बंगालवर गेले. १७४४ मध्ये अलिवर्दीखानाने त्यांना भेटीस बोलावून दग्याने मारविले, तरी १७५१ च्या तहापर्यंत स्वाऱ्या थांबल्या नाहीत. गावे लुटली गेली, जाळली गेली. आमच्या पाठ्यपुस्तकांत अटकेपारचा झेंडा होता. ही गावे नव्हती.

रशियन माणसाविषयीची आमची मते तर त्याच्याशी एक शब्दही न बोलता ठरलेली होती. आणि भास्कररामांच्या त्याच स्वारीत भोसल्यांच्या अंमलाखाली आलेल्या छत्तीसगडात राहून, ज्यांची शेते कारखान्याखाली गेली त्यांना आम्ही वर्षानुवर्षे 'भोळे' म्हणत आलो, तेही कौतुकाने.