एक बूट, अनेक नावे

बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथामालिका १९६३ साली सुरू झाली. तिचा कालप्रवासी नायक वेळोवेळी देह पालटतो, म्हणून नटही बदलतो. २००५ ते २०१० या काळात ही भूमिका डेव्हिड टेनंट यांनी केली. अंगात सूट, वर लांब कोट आणि पायांत मात्र कॅनव्हासचे साधे बूट, असा त्यांचा वेष होता. ते बूट कॉन्व्हर्स या अमेरिकन कंपनीचे, मुळात बास्केटबॉलच्या खेळाडूंसाठी घडवलेले.

मालिकेच्या सुवर्णमहोत्सवी भागात, नोव्हेंबर २०१३ मध्ये, नायकाची तीन रूपे एकत्र आली. तेथे टेनंट यांच्या रूपाला ‘सँडशूज’ म्हणून हिणवले जाते आणि ते हे सँडशूज नव्हेत, असे ठासून सांगतात. प्रेक्षक हसले, आम्हांला मात्र त्या शब्दाचे कुतूहल वाटले.

‘सँडशूज’ म्हणजे वाळूत, समुद्रकिनारी घालावयाचे रबरी तळाचे बूट. स्कॉटलंड व ईशान्य इंग्लंड येथे शाळकरी मुलांच्या कॅनव्हासच्या बुटांना हेच नाव रुळले. लंडनकडे त्यांना ‘प्लिमसोल’ म्हणतात. जहाजांवर बेसुमार माल लादू नये म्हणून खासदार सॅम्युअल प्लिमसोल झगडले. १८७६ च्या कायद्याने जहाजांवर भाररेषा आखणे बंधनकारक झाले. बुटाभोवतीची रबरी पट्टी त्या रेषेसारखी दिसे, म्हणून हे नाव. गंमत अशी, की प्लिमसोल यांच्या जन्मगावी, ब्रिस्टल येथे, त्याच बुटाला ‘डॅप’ म्हणतात. मध्य इंग्लंडात ते ‘पंप’ होतात, तर उत्तर आयर्लंडात ‘गटी’. हा शब्द गटापर्चा या मलायी झाडाच्या चिकापासून आला.

त्या भागाचे लेखक स्टीव्हन मोफॅट स्कॉटलंडमधील पेझलीचे, आणि टेनंट यांचे बालपणही पेझलीतच गेले. भूमिकेसाठी टेनंट यांनी आपला स्कॉटिश उच्चार बाजूला ठेवून इंग्लंडचा उच्चार स्वीकारला होता. ज्या शब्दाने नायकाची थट्टा झाली, तो दोघांच्याही मुलखातला. आणि नटाला तोच नाकारावा लागला. बूट अमेरिकन असल्याने नायकाचे म्हणणे चूक नव्हे; पण पेझलीच्या शाळेत त्याला कोणी सँडशूजच म्हटले असते.

पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात राहिलेल्या आपल्या घराण्यांना हे नवे नाही. बडोद्यात शेजारी ‘पगरखां’ म्हणत, हैदराबादेत ‘चेप्पुलु’; घरातली आजी मात्र ‘वहाणा’च म्हणे. चारचौघांत वावरताना आपण सर्वांना कळेल तो शब्द वापरतो, ते योग्यच. परंतु आजीचा शब्द ऐकून नातवंडे हसली, तर तो चुकीचा आहे असे म्हणून आपण सोडून देऊ नये. तो कोठून आला, हे त्यांना सांगावे. आपण सांगितले नाही, तर त्यांना ते दुसऱ्या कोणाकडून कळावयाचे नाही.