अप्पासाहेबांची वॉचलिस्ट

नवीन ओटीटी ॲपवर खातं उघडलं की ते आधी विचारतं, तुम्हाला आवडणाऱ्या तीन गोष्टी निवडा. आमच्या धंद्यात याला ‘कोल्ड स्टार्ट’ म्हणतात. माणूस नवा, मागचा काही डेटा नाही, मग त्याला दाखवायचं काय?

गेल्या उन्हाळ्यात मी माझ्या घरमालकांसाठी असं खातं उघडून देत होतो. मी हिंजवडीत नोकरी करतो आणि तिथून जवळच, मुळशी तालुक्यातच, त्यांच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने राहतो. त्यांना सगळे आबा म्हणतात, मीही म्हणतो. आबांनी बोट ‘नटसम्राट’वर ठेवलं आणि पुढे काही निवडेनात. “हे बघतो की. आजून कशाला?”

ॲप तिनांशिवाय पुढे जाईना. उरलेल्या दोन जागी मी काहीतरी दाबलं आणि मोकळा झालो. पण प्रश्न डोक्यात राहिला. नटसम्राट आबांना आवडतो ते ठीक. खुद्द नटसम्राटाला काय आवडलं असतं? गणपतराव ऊर्फ अप्पासाहेब बेलवलकरांच्या हातात हा रिमोट दिला, तर त्यांनी काय बघितलं असतं?

त्यांचा डेटा तसा भरपूर आहे. ‘नटसम्राट’ डिसेंबर १९७० मध्ये रंगमंचावर आलं. लेखक वि. वा. शिरवाडकर, अप्पासाहेबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू, कावेरीच्या भूमिकेत शांता जोग. निवृत्त झालेला नट सगळी माया मुलाच्या आणि मुलीच्या नावावर करतो, आधी मुलाच्या घरी नकोसा होतो, मग मुलीच्या घरी त्याच्यावर चोरीचा आळ येतो आणि शेवटी तो रस्त्यावर येतो. यामागे शेक्सपिअरचा ‘किंग लियर’ आहे. पण लियर राजा होता आणि अप्पासाहेब राजे रंगवून दमलेला माणूस. हॅम्लेट, ऑथेल्लो, सीझर ही त्यांची वॉच हिस्टरी.

ही हिस्टरी शिरवाडकरांनी हवेतून आणलेली नाही. मराठी माणसाचा शेक्सपिअरशी घरोबा त्याआधी शंभर वर्षांचा. आगरकरांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणला, ‘विकारविलसित’ या नावाने, १८८३ मध्ये. देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’ केला. शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोशींनी हॅम्लेट असा गाजवला की इंग्रजीचं अक्षर न येणारा प्रेक्षकही डेन्मार्कच्या राजपुत्रासाठी रडला. ते गणपतराव १९२२ साली गेले. हे साल लक्षात ठेवा, मुळशीच्या गोष्टीत ते पुन्हा लागणार आहे.

आता यादी करू.

पहिलं, अकिरा कुरोसावाचा ‘रान’, १९८५. इथे लियर जपानी सरदार आहे आणि मुलींच्या जागी तीन मुलगे. म्हातारा त्यांना समजावतो, एक बाण मोडतो, तीन एकत्र मोडत नाहीत. आपल्याकडची मोळीची गोष्टच. धाकटा ते तीन बाण गुडघ्यावर ठेवून मोडून दाखवतो आणि बाप त्यालाच हाकलतो. खरं बोलणाऱ्या पोराला घराबाहेर काढायचं आणि गोड बोलणाऱ्यांना किल्ल्या द्यायच्या, हे बघताना अप्पासाहेब खुर्चीत अस्वस्थ झाले असते. पण उठले नसते.

दुसरं, ‘सक्सेशन’. यातला बाप अप्पासाहेबांच्या बरोबर उलटा. चार मुलं टपून बसलीत आणि हा शेवटपर्यंत खुर्ची सोडत नाही. ती भूमिका करणाऱ्या ब्रायन कॉक्स यांनी १९९० मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये लियर केला होता. एकाच नटाने एकदा सगळं वाटून टाकणारा बाप केला, एकदा काहीच न सोडणारा. अप्पासाहेबांनी पहिल्या एपिसोडलाच ओळखलं असतं, हा माणूस नाटकातला आहे. आणि मुलांचे हाल दोन्हीकडे सारखेच बघून थोडे गप्प झाले असते.

‘बागबान’ त्यांना आवडला नसता. बाप पुस्तक लिहितो, पुस्तक तुफान खपतं, मुलांची मान खाली जाते. म्हातारपणाला असा बेस्टसेलर सापडत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

‘सामना’ मात्र त्यांनी दोनदा बघितला असता. १९७४ चा, तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांचा. त्यात डॉ. लागू आहेत. म्हणजे आपलाच चेहरा दुसऱ्याच्या नावाने वावरताना बघायचा. नटाला याहून मोठी करमणूक नाही.

इथवर हा रिकामटेकड्या रविवारचा खेळ होता. मग मी यादीत ‘मुळशी पॅटर्न’ टाकला आणि खेळ थोडा बदलला.

प्रवीण तरडे यांचा हा सिनेमा नोव्हेंबर २०१८ मध्ये आला. आमच्या वयाच्या पोरांनी तो डायलॉग आणि गाण्यांसाठी बघितला, स्टेटसला लावला. पण ओम भूतकरच्या राहुलवरून नजर काढून मोहन जोशींच्या बापाकडे बघा. गावचा पाटील जमीन विकतो, पैसा हातातून जातो आणि तो वॉचमनच्या खुर्चीत येतो. मुलगा गुन्हेगारीत जातो. हा लियरच आहे. फक्त राज्याच्या जागी भातखाचरं आहेत, नकाशाच्या जागी सातबारा आहे आणि वादळाच्या जागी बिल्डरची पांढरी गाडी. गंमत म्हणजे २०१६ चा ‘नटसम्राट’ ज्यांनी केला त्या महेश मांजरेकरांनीच ‘मुळशी पॅटर्न’चा हिंदी अवतारही केला, ‘अंतिम’, २०२१ मध्ये. दोन बापांच्या दोन गोष्टी, दिग्दर्शक एक.

पण लियरने आणि अप्पासाहेबांनी दिलं ते स्वतःच्या मर्जीने. शोकांतिकेचं इंजिनच ते आहे, चूक आपल्या हातून व्हावी लागते. मुळशीत त्याआधी एक पिढी होऊन गेली, जिला ती चूक करायलाही मिळाली नाही.

मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीला धरण बांधायचं होतं. आंबेमोहोराची खाचरं पाण्याखाली जाणार होती आणि वीज घाटाखाली भिऱ्याला तयार होऊन मुंबईकडे जाणार होती. सरकारने कंपनीसाठी जमीन ताब्यात घ्यायला घेतली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे आले पांडुरंग महादेव बापट, शिष्यवृत्तीवर एडिनबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेलेले. या लढ्यानेच त्यांना ‘सेनापती’ हे नाव दिलं. विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबर होते. गणपतराव जोशी गेले त्या १९२२ साली इथली माणसं तुरुंगात जात होती. १९२४ च्या अखेरीस बापटांनी धरणाच्या कामाची गाडी अडवली, सात वर्षांची शिक्षा भोगली. धरण झालंच.

राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा इतिहास लिहिला. त्यातली एक गोष्ट मला सलत राहते. पुष्कळ जमिनी आधीच पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेल्या होत्या. कसणारा म्हणत होता, जान किंवा जमीन. कागदावरच्या मालकाला मात्र नुकसानभरपाईत रस होता. म्हणजे ज्याचं काळीज तुटत होतं त्याच्याकडे कागद नव्हता.

त्या माणसावर कुणी ‘नटसम्राट’ लिहिलं नाही. पडायला आधी उंचावर असावं लागतं, हा शोकांतिकेचा जुना नियम. तो मला या तालुक्यात फारसा पटत नाही.

आता आबांकडे परत येतो, कारण हा लेख त्यांच्यामुळे सुटला नाही.

आबांनी काही जमीन विकली, बिल्डिंग बांधली, ती दोन मुलांत वाटली. राहिलं एक खाचर आणि जुनं घर. तेही मुलांच्या नावावर करायचं बक्षीसपत्र तयार होतं. एका संध्याकाळी ते कागद घेऊन माझ्या खोलीवर आले. “शिकलेला हायस, वाच.”

मी वाचलं. सगळं बिनशर्त दिलं होतं. मी त्यांना सांगितलं की २००७ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी कायदा झालाय. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि पुढे सांभाळलं नाही, तर ती देणगी रद्द करून मागता येते. त्यासाठी न्यायाधिकरण असतं. पण अट कागदात लिहिलेली बरी. तुमच्या कागदात ती नाही. अप्पासाहेबांच्या वेळी हा कायदाच नव्हता, हेही बोललो.

आबा म्हणाले, “म्हंजे पोरांना लिवून द्यायचं, का तुमच्यावर माझा भरवसा न्हाई?”

मी गप्प बसलो. लियरलाही हेच जमलं नव्हतं. त्याला प्रेम मोजून हवं होतं, पण कागदावर नको होतं.

शेवटच्या पानाला एक हक्कसोडपत्र जोडलेलं होतं. आबांच्या मुलीचं. तिने काही न घेता सही केली होती. मी विचारलं, “ताई कुठं असतात?” “भोरला. आठवड्याला फोन करती. तिला कशाला मधी आणायचं?” महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून मुलीचा वडिलोपार्जित मालमत्तेत बरोबरीचा हक्क आहे. तो सोडल्याची सही मात्र घरोघरी अशीच होते, भाऊबिजेच्या आसपास, चहाबरोबर. लियरच्या धाकट्या मुलीला गोड बोलली नाही म्हणून वाटा मिळाला नाही. आमच्याकडे तिला कुणी विचारतही नाही, आणि फोन तीच करते.

हे मी आबांना बोललो नाही. भाडेकरू आहे मी. शिवाय ज्या इमारतीत मी रोज लॅपटॉप उघडतो, तिच्याखालीही कुणाचं तरी खाचर आहे.

त्या रात्री त्यांनी खालून हाक मारली, नटसम्राट लावून दे म्हणाले. नाना पाटेकर कागद मुलांच्या हातात देतात तो प्रसंग आला आणि आबांनी रिमोट उचलून थांबवलं. पडद्यावर चित्र तसंच अडकून राहिलं. थोड्या वेळाने म्हणाले, “तो कायदा मराठीत आसंल तर पाठीव मोबाइलवर.”

मी वर येऊन पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही. रजिस्ट्रेशनची तारीख पुढच्या महिन्यातली आहे.